गोल आणि चौकोन

कुताईसीच्या दवाखान्याचा फॉर्म मी लिहिला.
चौकोन सोपे: मधुमेह, रक्तदाब, गुडघे,
हवे तितके टिचकवा, पुन्हा टिचकवून पुसा.
रिकामा चौकोन सर्व्हरपर्यंत पोचतच नाही,
'नाही' असंसुद्धा म्हणत नाही तो.

गोलांचं तसं नाही. एका नावाखाली नांदतात,
एक दाबला की आधीचा टुणकन वर,
एल्गुजाकाकांच्या जुन्या टॅक्सीतल्या रेडिओसारखे:
पाच बटणं, एक स्टेशन, बाकी खरखर.

काल तेच आले. टोपी मांडीवर.
विवाहित, घटस्फोटित, विधुर, अविवाहित.
इझोल्दाकाकू नऊ वर्षं इटलीत
कुणाच्या तरी आईला भरवते आहे.
पैसे येतात. फोन दोन वर्षांत नाही.
त्यांनी 'विवाहित' दाबलं,
मग माऊस धरून बसले.
"पोरी, हे परत काढायचं कसं?"

काढता येत नाही, काका.
गोलाला दुसऱ्या गोलाकडे जाता येतं,
कुठेच नसण्याकडे माघारी नाही.

रात्री जावास्क्रिप्टच्या चार ओळी लिहिल्या.
क्लिक माझ्यापर्यंत येते तोवर खूण झालेली असते,
म्हणून आधी काय होतं
ते वेगळं जपून ठेवावं लागतं.
दोनदा तेच दाबलं तर उतरव.
तपासलं: चारही गोल
धुऊन पालथ्या घातलेल्या बशांसारखे.

सकाळी काकांनी दाबलं, काढलं,
पुन्हा दाबलं, पुन्हा काढलं.
"चालतंय की," म्हणाले,
आणि 'विवाहित'वर ठेवून
टोपी घालून
रांगेत जाऊन बसले.