जाती म्हणजे काय (दोन गुण)

त्या वर्षी पुस्तकं दिवाळीपर्यंत आलीच नाहीत.
बेंगळुरूहून निघालेला मराठी गठ्ठा
कुठल्या गोदामात बसून राहिला होता देव जाणे.
हुक्केरी बाई कन्नड पुस्तक उघडून
आम्हाला मराठीत शिकवायच्या,
वाक्याच्या मध्येच थांबून
खिडकीबाहेर बघत शब्द हुडकायच्या.

उत्क्रांतीला त्या आधी ‘विकास’ म्हणाल्या,
तिकडं तसंच म्हणतात.
मागच्या बाकावरचा विकास गुरव उठून उभा राहिला
आणि वर्ग हसून हसून आडवा.
बाईही हसल्या. मग फळ्यावर लिहिलं, उत्क्रांती.
म्हणाल्या, शब्द मोठा आवाज करतोय,
काम मात्र हळू चालतंय बघा,
मलप्रभेनं दगड घासावा तसं.

जांबोटीला शाळेची भिंत संपली की रान.
आम्ही डब्यांतून, पिशव्यांतून सतरा बेडूक आणले.
एकाच्या पाठीवर पिवळी रेघ,
एक अंगठ्याच्या नखाएवढा,
एक नुसताच रागावलेला.
‘सारखे आहेत, हौदा?’
नाही, बाई.
‘सारखे नाहीत हीच पुंजी. सारखे असते तर
एका वाईट उन्हाळ्यात सगळे गेले असते.’
सोडताना मोजले तर सोळाच भरले.
सतरावा दुसऱ्या दिवशी हजेरीपटाच्या कपाटात निघाला.

मग एका सोमवारी मथळा आला: जाती.
वर्ग गप्प.
हा शब्द आम्हाला पुस्तकाआधीपासून येत होता.
दाखल्यावर होता, शिष्यवृत्तीच्या अर्जावर होता,
हॉटेलात उलट्या ठेवलेल्या कपावर
न लिहिता होता.

बाई सांगत होत्या:
ज्यांचा आपसात संबंध होऊन पिल्लं होतात,
आणि त्या पिल्लांनाही पुढं पिल्लं होतात,
ते सगळे एका जातीचे.
घोडा आणि गाढव यांचं खेचर होतं,
पण खेचर तिथंच थांबतं.

भरमू उभा राहिला.
भरमू कधी उभा राहत नसे.
‘बाई, आमच्या लगमीला पोरगं झालंय की.’

लगमी दोन वर्षांमागं गेली होती
बैलहोंगलच्या एका पोराबरोबर, रात्रीच्या गाडीनं.
तिचं नाव घरात काढायचं नाही असं ठरलं होतं.
गावानं तर घरच्यांचंही नाव टाकलं होतं.
‘धडधाकट आहे,’ भरमू म्हणाला,
‘लई मोठ्यांदा रडतंय.’

बाई खडू फिरवत राहिल्या
बोटं पांढरी होईपर्यंत.
बाहेर कुणीतरी घंटेचा लोखंडी तुकडा पाडला.
‘सरी,’ त्या म्हणाल्या. ‘मग एकच जात.’

कन्नड पुस्तकात त्या जागी ‘प्रभेद’ छापलेलं असतं,
हे मला फार उशिरा कळलं.
साधा, निर्धोक शब्द. तसाच उचलून
मराठीत ठेवला असता तरी चाललं असतं.
‘जाती’ बाईंनी खिडकीबाहेरून आणला होता.

परीक्षेत आलाच तो प्रश्न, दोन गुणांना.
मी व्याख्या लिहिली, खेचर लिहिलं,
वेळ उरला म्हणून लगमीचंही लिहिलं, नाव न घालता.
दीड गुण मिळाला.
अर्धा कशाचा गेला ते अजून ठाऊक नाही.

पुढं खानापूरच्या स्टँडवर लगमी भेटली,
मांडीवर पोर, पिशवीत कोथिंबीर.
पोराशी कन्नड, माझ्याशी मराठी,
कंडक्टरशी दोन्ही एका दमात.
मी त्या पोराचा हात धरला आणि चाचपत गेले:
दंडात एक हाड,
पुढं दोन,
मग मनगटात बारीक खड्यांसारखी पुष्कळ,
वटवाघळाच्या पंखात असतात तशी,
देवमाशाच्या वल्ह्यात असतात तशी.
‘काय बघालीस गा?’ लगमी म्हणाली.
काही नाही, म्हटलं.
तेवढ्यात पोरानं माझं पेन पकडलं
आणि बस लागली तरी
सोडेना.