शून्य पूर्णांक अडतीस

माझं काम माणसांना वजन लावायचं.
तराजू नाही, पारडं नाही. एक रकाना असतो,
उजवीकडून दुसरा, त्यात मी आकडे भरत बसतो
आणि तोवर डुलुथच्या सरोवरावर अंधार पडलेला असतो.

शंभर फोन लावले तर दोन उचलले जातात.
त्यातले दीड म्हातारे,
हा ऑफिसातला जुना विनोद, मार्लिस अजून हसते त्याला.
फोन वाजला की म्हाताऱ्यांना वाटतं, कुणीतरी आठवण काढली,
म्हणून ते नमुन्यात हवे त्याहून जास्त होतात,
म्हणून मी त्यांना कमी करतो.
गावात ज्यांच्या शब्दाला वजन, ते माझ्याकडे हलके भरतात.
परवा एक बावीस वर्षांचा पोरगा सापडला,
लाकडाच्या गिरणीत रात्रपाळी,
तोंडात सँडविच, सगळ्या प्रश्नांना हं, हं.
त्याला मी सव्वाचार केलं.
सव्वाचार माणसं एका घासात बोलून गेली.

गणित बरोबर आहे. कुणीही तपासावं.

ध्वनिमुद्रण क्रमांक सहाशे अकरा.
अ‍ॅम्ब्रोज स्ट्रनाड, वय एक्क्याऐंशी, उत्तर विस्कॉन्सिन.
मार्लिस विचारते, आज निवडणूक झाली तर मत कुणाला?
तो म्हणतो, आज? आज तर दारातली पानं ओढायचीत.
मग किटली शिट्टी मारते, तो उतरवायला जातो,
आणि सव्वा मिनिट मी नुसतं स्वयंपाकघर ऐकतो:
घड्याळ, फ्रिज,
लाकडी जिन्यावर कुत्र्याची नखं.
परत येऊन सांगतो,
इर्मा होती तोवर प्रश्न नव्हता.
ती एकीकडे, मी दुसरीकडे,
बेचाळीस वर्षं आमची मतं एकमेकांना खाऊन टाकायची,
दर खेपेला फिट्टंफाट,
तरी एकाच गाडीतून जायचो शाळेच्या जिममध्ये,
येताना डोनट घ्यायचो.
आता माझं एकट्याचंच मत उरतं.
हात धजत नाही हो बाई.
टाकलं तर ते तिच्या अंगावर पडेल.

मार्लिसनं नियमाप्रमाणे तीन सेकंद वाट पाहिली
आणि 'अनिश्चित'वर टिचकी मारली.
दुसरी जागाच नव्हती.

त्याच्यापुढे मी लिहिलं: शून्य पूर्णांक अडतीस.
म्हणजे गुडघ्याच्या थोडा वरपर्यंतचा माणूस.
किंवा किटली उतरवणारा हात
आणि त्याला धरून असलेला खांदा, बस.

अहवाल गेला. सत्तेचाळीस, सेहेचाळीस, सात. अधिक-उणे तीन.
टीव्हीवरच्या बाईंनी सत्तेचाळीस म्हणताना भुवया चढवल्या,
सेहेचाळीसला उतरवल्या,
आणि सातावर त्या जाहिरातीकडे वळल्या.
उमेदवाराच्या माणसांचा मात्र लगेच फोन,
ते सात आम्हाला फोडून द्या,
वयानं, जिल्ह्यानं,
कशाची भीती घातली तर कुठे झुकतील त्यानं.
दिले फोडून. पगार त्याचाच मिळतो.

मतदानाच्या दिवशी दुपारी यंत्रावर निरोप होता.
स्ट्रनाड बोलतोय. त्या बाईंना सांगा, माझं ठरलं, जाऊन आलो.
मग थोडा वेळ नुसता श्वास.
मग म्हणाला, कुणाला ते नाही सांगणार,
मत गुप्त असतं ना,
आणि हसला, खोकला येईपर्यंत.

फाईल आठ दिवसांपूर्वीच बंद झाली होती.
रात्री निकाल लागला, आम्ही दीड टक्क्यानं चुकलो.
या धंद्यात दीड म्हणजे बरोबरच,
साहेबांनी पिझ्झा मागवला.
मी निरोप पुन्हा लावला,
मागे कुत्रं कुठे ऐकू येतंय का म्हणून.
नाही आलं.

मार्लिसनं विचारलं, काय वाटतं, कुणाला दिलं असेल?
मी म्हटलं, नमुना एकाचा आहे,
त्यावरून काही सांगता येत नाही.

दोघांचा, ती म्हणाली,
आणि खुर्च्यांच्या पाठी चाचपत
आपला कोट शोधू लागली.