अर्धा त

नऊ वर्षं शाळेची ती भिंत माझ्याकडे आहे.
जूनमध्ये भदाणे सर चिठ्ठी पाठवतात,
मी अमळनेरहून पांढरा ऑइल पेंट आणतो, अर्धा लिटर.
बोरीवरून वारा येतो, ओल्या अक्षराला धूळ चिकटते,
ती धूळ धरूनच आमचं पांढरं.

वर मोठ्यात मथळा. खाली रकाने:
पट एकशे बारा. उपस्थिती शहाण्णव टक्के.
वाचता येणारे ब्याण्णव टक्के.
अनुदान किती आलं, खडूत किती गेलं, झाडूत किती,
शिल्लक निरंक.
शेवटी एक ओळ, पालकांच्या माहितीसाठी,
आणि कोपऱ्यात, बारीक, माझं नाव.

आकडे खरे का, मी कधी विचारलं नाही.
दुकानावर 'शुद्ध तूप' लिहिताना
मी कुठे डबा उघडून बघतो.
दिवाळीनंतर निम्मी शाळा कापसात असते,
कमरेला झोळी, बोंडांनी ओरखडलेली बोटं.
भिंतीवर मात्र शहाण्णवच.
ऑइल पेंटला दिवाळी कळत नाही.

यंदा जुलैच्या पालक सभेला चटईवर आम्ही सतरा,
त्यातले चार सहीपुरते.
केवळबाई निंदणीवरून तशीच आलेली, विळा मांडीखाली दाबून.
सरांनी फलकाकडे हात केला. ती उठली.
"टक्का मी काय चुल्हामा घालू, सर?
मना नातू वाचस का नही, तितलंच सांगा."

सर म्हणाले, ब्याण्णवात असेल.
असेल, म्हणाले,
आणि स्वतःचाच शब्द ऐकल्यासारखे थांबले.
मग चष्मा काढून म्हणाले,
थांबा, तुमच्यासमोरच ऐकू.

नातवाने धडा धडधडीत म्हटला.
पान उलटायच्या आधीच
पुढच्या पानावरचंही म्हटलं.
सगळे हसले.
केवळबाई हसली नाही.

माझी जागृती चौथीत. तिची पाळी येईपर्यंत
पुस्तक कुणीतरी घेऊन गेलं होतं.
सर म्हणाले, ते वाच, भिंतीवरचं.
ती बोट हवेत धरून निघाली:
शा-ले-य. गुण. गुण-व-ता.
थांबली. मागे गेली. पुन्हा आली.
"पप्पा, अठे अजून एक त लागस."

नऊ वर्षं.
केंद्रप्रमुख त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढून गेले.
तपासणीच्या वहीत शेरा आहे, फलक अद्ययावत.
सरपंचांनी एकदा नारळही वाढवला होता.
एकाही माणसाने ती ओळ वाचली नव्हती.
मी तर फक्त काढली होती.

संध्याकाळी सर म्हणाले, आकडे खरवडून टाका.
काळा रंग द्या तिथे. खडूने लिहीन मी, दर शनिवारी.
साहेब विचारतील, मी म्हणालो.
ते काही बोलले नाहीत. बादली धरून उभे राहिले.

वाळलेला रंग टर्पेंटाइनला दाद देत नाही, पटाशी लागते.
ब्याण्णवाखालून एक्याण्णव निघाला,
त्याखाली नव्वद,
दरवर्षी एकेक पायरी, कुणी न चढलेली.
सगळ्यात खाली नुसता चुना.

पहिल्या शनिवारी सरांनी लिहिलं:
वाचता येणारे, एकशे बारापैकी एकसष्ट.
खडू दोनदा मोडला.
केवळबाईने जवळ जाऊन आकड्यावर बोट ठेवलं,
विचारलं, यामा मना नातू शे का?
नही, सर म्हणाले. अजून नही.
ती बसली नाही, गेलीही नाही.
मग कधी, म्हणाली.

मथळा तेवढा तसाच राहिलाय.
नऊ वर्षांपूर्वी अक्षरं इतकी जवळ घेतली मी
की मध्ये अर्ध्या त-लाही जागा नाही,
सगळाच पुसून नव्याने मांडावा लागेल.
कामं आहेत, मळणीयंत्रांची नावं आहेत, लग्नाच्या पाट्या.
जागृती रोज दप्तर अडकवता अडकवता विचारते.
मी म्हणतो, शनिवारी.