आठवा पोपट

बैठकीची भिंत आता राणी रंगाची आहे, म्हणतात.
असेल.
मला ती ओल्या पाटीसारखी दिसते,
नुकतीच पुसलेली, अजून काही न लिहिलेली.

अठ्ठ्याहत्तर साली प्रतापनगरच्या रेल्वे दवाखान्यात
ठिपक्यांच्या पुस्तकातला आकडा मला सापडला नाही.
डॉक्टर म्हणाले, नीट बघा.
नीटच बघत होतो. ठिपके होते. भरपूर होते.
सिग्नल हातचा गेला, हिशेब खात्यात टेबल मिळालं,
तांबड्या पेनाला मी दोरा बांधून ठेवायचो.

नंतर लग्न, कारेलीबागेतला फ्लॅट,
आणि चाळीस वर्षं क्रीम कलर.
क्रीम भिंती, क्रीम चादरी, सोफ्याला क्रीम खोळ.
स्वच्छ दिसतो, शालन म्हणायची.
मला वाटायचं, तिला आवडतो.

यंदा दिवाळीआधी ती शेडकार्ड घेऊन बसली
पत्त्यांचा डाव मांडावा तशी.
"चाळीस वर्षं तुमच्या डोळ्यांनी बघितलं,
आता जरा माझ्या बघते."
मी चहाचा कप उचलला.
तो रिकामा होता.

रंगारी इस्माईलभाई शिडीवरून विचारायचा,
काका, केवुं लागे छे?
मी म्हणायचो, सरस.
आत शालन हसायची, भांड्यांच्या आवाजात लपवून.

मग संखेड्याहून झोपाळा आला,
टेम्पोत, गोधड्यांत गुंडाळून,
आजारी माणसाला आणावं तसा जपून.
ठरवायला आम्ही स्वतः गेलो होतो.
खरादी फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवत होता,
वर केवड्याचं पान दाबून चकाकी काढत होता.
लाल की मरून, यावर ती आणि तो तासभर बोलले.
मला दोन्ही वाळलेल्या गोवरीसारखे.
पण सोनेरी वेल!
गडद दांड्यावरून ती एकटी निघाली होती,
रात्रीच्या गाडीच्या उजळ खिडक्यांसारखी,
आणि मी फलाटावर उभा.

मोहरीच्या रंगाची एक खुर्चीही आली.
ती मला दिसते.
घरात आता मी कुठे बसतो
हे वेगळं सांगायला नको.

शेजारच्या हंसाबेन दारातूनच म्हणाल्या, बहु भडक!
शालन म्हणाली, हो ना,
आणि असं म्हणाली की जणू कुणी तिच्या मुलाचे मार्क विचारले होते.

पडदे मंगळबाजारातले. ठशांची छपाई.
डाळिंबाच्या झाडावर पोपट.
मला झाड दिसलं.
फळं आणि पानं एकाच मातीची,
आणि पोपट त्यात असे बसलेले
की कुणी सांगितलं नाही तर नाहीतच.
तिनं माझं बोट धरून कापडावरून फिरवलं.
ही चोच. ही शेपटी.
हा मान वळवून बघतोय.
कुणाकडे?
तुमच्याकडे.
मी मान हलवली, दिसल्यासारखी.
चाळीस वर्षांत एवढं जमतं.

परवा साडेचारला ती भाजी आणायला गेली होती.
डिसेंबरचं ऊन पडद्याच्या मागून आलं.
पोपटांवर ठसा दोनदा मारला असावा,
तिथून उजेड कमी गळत होता.
आणि ते दिसले.
रंग नव्हे. पोपट.
काळे, जाडे, भांडखोर,
एक तर चक्क उलटा लटकलेला.
मी खुर्चीवरून उठून मोजले,
खात्यात बेरीज तपासायचो तसे, खालून वर, मग वरून खाली.

लॅचचा आवाज आला तेव्हा मी म्हणालो, सात.
तिनं काय सात, असं विचारलं नाही.
चपला न काढता, पिशवी हातातच धरून
ती पडद्यापर्यंत आली.
"आठ," म्हणाली. "एक कपाटामागच्या चुणीत आहे."

ऊन तोवर समोरच्या गच्चीच्या कठड्याआड चाललं होतं.
पिशवीतून मेथी खाली घसरली, कुणी उचलली नाही.
एका बाजूनं तिनं धरलं, एका बाजूनं मी,
आणि आम्ही कपाट सरकवायला लागलो.