दुधापुरतं

एकतीस वर्षं चष्म्याच्या काचा विकल्या,
खंडवा, बऱ्हाणपूर, पार अकोल्यापर्यंत.
रामबागेतली ही गल्ली मला
फक्त पहाटे चारची ठाऊक होती,
रिक्षाच्या दिव्यात दिसेल तेवढी.

आता दुपारीही बघतो.
समोरच्या आठलेबाई गच्चीत कुरडया घालतात,
त्यांच्या कठड्याला निळा रंग आहे.
कधी दिलात, विचारलं.
म्हणाल्या, तुमच्या लग्नाच्याही आधी.

बॅग पलंगाखाली. तिच्या कप्प्यात
पाताळपाणीला घेतलेले शेंगदाणे निघाले,
खवट. तरी खाल्ले
एकेक, स्टेशनं येतात तसे.
काळाकुंड, चोरल, बलवाडा...
बडवाह गेलं, नर्मदा आली,
सवयीनं खिशात नाणं शोधलं.

रात्री झोप लागत नाही,
पलंग हलत नाही म्हणून.

आज सकाळी राजवाड्याच्या वळणावर
काठी आडवी आली. "किधर?"
जन्मभर या प्रश्नाला मी
गावांची नावं सांगत आलो.
आज नुसती किटली पुढे केली.

पोरगा हसला. बावीसचा असेल,
मास्क हनुवटीवर.
"काका, डेअरी तो पीछे छूट गई."