गुरुवारची किल्ली

गुरुवारी वीज जाते,
पुण्यात हे कुणाला सांगायला नको.
म्हणून गुरुवार कुणालाच नको होता.
मी म्हटलं, मला द्या. पेनाला प्लग लागत नाही.

तांबट आळीत, करडेकाकांच्या दुकानावर, दहा बाय बाराची खोली.
भाडं साडेचार हजार, सहा वारांत भागलेलं.
माझ्या वाट्याला साडेसातशे
आणि एक खिडकी, जिच्यातून समोरच्यांचा टॉवेल दिसतो.
किल्ली खाली, न विकल्या गेलेल्या बंबाच्या तोटीला.

सोमवार-मंगळवार जाई बनसोडे तबला घेऊन येते.
तिच्या सोसायटीत दोन ते चार शांतता असते,
आणि बाकीचा वेळ तिच्याकडे नसतो.
इथे अख्खी आळी तांब्यावर हातोडी चालवते,
तिचा तिरकिट कुणाच्या झोपेच्या आड येणार?
उलट तीच म्हणते, काका कधीकधी समेला उशिरा येतात,
मग मी थांबते त्यांच्यासाठी.

ऋता खळदकर सिनेमा जोडते. शुक्रवार, शनिवार, पडदा लावून.
तीन वर्षं झाली, बावीस मिनिटं झाली.
एका इस्त्रीवालीची गोष्ट. मधेच ती बाई हसते,
कशाला ते कळत नाही, चार सेकंद नुसती हसते.
सगळ्यांनी सांगितलं, काढ ते, गोष्ट पुढे सरकत नाही.
ऋताने गोष्ट थांबवली. हसू ठेवलं.

आम्ही एकमेकींना फारशा भेटत नाही.
स्विचबोर्डाशेजारी भिंतीवर पेन्सिलीने बोलतो:
टर्पेंटाइन संपलंय.
पंख्याला तेल घालू नका, तो बरोबर काळी दोनमध्ये कुरकुरतो.
चकल्या कुणाच्या होत्या? छान होत्या.
रविवार मोकळाच आहे, कुणाला हवा?
त्याखाली कुणीच काही लिहिलेलं नाही.
रविवारी आम्ही चौघी सुट्टीवर असतो,
म्हणजे आपापल्या घरी, ओट्यापाशी.

बुधवार शिरीन अत्तारचा.
तिचा वास माझ्या वहीला लागतो;
मुलगा विचारतो, आई, पेट्रोल पंपावर गेली होतीस का?
शिरीन फक्त हात रंगवते.
मेथी निवडणारे, इंजेक्शन भरणारे,
घड्याळ काढल्यावर फिकट पट्टा उरलेलं एक मनगट.
चेहरा का नाही, असं एकदा भिंतीवर विचारलं.
उत्तर आलं: चेहऱ्याला सवय असते बरं दिसायची.

मागच्या गुरुवारी कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून उभा होता.
असं उलटं ठेवलेलं बघू नये.
मी बघितलं.

पेन धरलेला हात. मधल्या दोन बोटांत, चुकीचा,
शाळेत ज्यासाठी पट्टी खाल्ली तसाच.
करंगळीच्या कडेला निळा डाग,
नखं पोस्टाच्या डिंकाने पांढरी.
तिने मला लिहिताना कधीच पाहिलेलं नाही.
टेबलाच्या कडेला शाई पुसलेली असते तेवढीच,
कपाच्या कानावर माझी बोटं उमटतात तेवढीच,
त्यावरून तिने अख्खा हात उभा केला होता.

दुपारभर मी तो हात बघत बसले.
वीज आली, पंखा काळी दोनमध्ये बोलू लागला,
मी एक ओळही लिहिली नाही.

खाली करडेकाका एक घागर मांडीशी घेऊन मठारत होते,
ठोक्याला ठोका लागून, मधे जागा न सोडता.
"झालं का लिहून?"
नाही, म्हटलं.
त्यांनी घागर चार बोटं फिरवली.
"ही पण नाही झाली," म्हणाले,
आणि किल्लीसाठी तोटी माझ्याकडे वळवली.

जाताना आठवलं, कॅनव्हास उलटा ठेवायचा राहिला.
जिने पुन्हा चढले. ठेवला नाही.
भिंतीवर, रविवारच्या ओळीखाली, पेन्सिलीने लिहिलं:
मला हवा.