आठ ओहम

यादी मोबाइलमध्ये होती:
बुकशेल्फ स्पीकर, जोडी. रिसीव्हर, ऑप्टिकल इनपुटचा.
अठरा हजार, त्यातले चार उसने,
परत दिवाळीला.
घरी सांगितलं, कॉम्प्युटरचं सामान आहे.
बाबा म्हणाले, मीही येतो.
भुसावळच्या निवृत्त माणसाला
जळगावही परगावासारखं पुरतं.

गोलाणीत, युनूस पिंजारीच्या दुकानात
जुने रिसीव्हर विटांसारखे रचलेले,
ज्याचा त्याचा रिमोट पाठीशी रबराने बांधलेला,
हरवला असेल तर तीनशे कमी.
'काय ऐकता तुम्ही?'
गाणी, सिनेमे, फार तर कव्वाली,
असं काही तो धरून चालला असावा.
मी म्हटलं, पावलं.

'पावलं?'

गेममध्ये. माझ्या मागे, डावीकडे, वरच्या मजल्यावर
कुणी वाळूवर चालतंय की लाकडावर
हे गोळी सुटायच्या आधी कळलं पाहिजे.

युनूसभाई हसला नाही.
खाली काढलेला सबवूफर
त्यानं मुकाट परत फळीवर सरकवला.
'मग धडधड नको तुम्हाला. तिच्याखाली पाऊल बुडतं.'
आणि ओहम समजावले, चार, सहा, आठ:
'ओहम म्हणजे अडवणूक, बेटा.
कमी अडवणारा स्पीकर जास्त मागतो,
रिसीव्हर देत राहतो, देत राहतो,
आणि मे महिन्यात एक दिवस गप्प होतो.
आपल्याकडे आठच घ्या.
वर चार बोटं जागा सोडा, कपाटात कोंडू नका.
त्यालाही ऊन लागतं.'

बाबा इतका वेळ स्टुलावर.
उठले, खोक्याजवळ गेले
आणि बोटाच्या पेरानं ठोकलं.
खाली. वर. कडेला.
एकतीस वर्षं यार्डात हेच केलं त्यांनी,
लांब दांड्याचा हातोडा, उभी गाडी, एकेक चाक.
खणखणलं तर जाऊ द्या,
भद्द बोललं तर डबा कापा.
आता त्यांना बारीक आवाज येत नाहीत,
कुकरची शिट्टी, चिमण्या, फोनवरची मी.
जाड तेवढे पोचतात.

'ही जोडी नाही,' ते म्हणाले.
'मतलब?'
'एक सख्खा हाय, दुसरा चुलत.
डावा भरेल बोलून राह्यला.'

युनूसभाईनं स्क्रू काढले.
आत कापूस, कुणीतरी दुरुस्तीच्या नावाखाली कोंबलेला.
त्यानं तो चिमटीत घेतला, मोकळा करत करत
अर्धाच परत ठेवला.
'आमच्या घराण्याचंच काम,' म्हणाला,
आणि बाराशे कमी केले.

घरी टेबल पुरलं नाही.
उजवा स्पीकर कळण्याच्या पिठाच्या डब्यावर,
डावा आईच्या शिलाई मशीनवर,
कानाच्या उंचीला, सुतळीनं अंतर मोजून.
आई म्हणाली, मशीन मला मंगळवारी लागेल.
म्हणजे दर मंगळवारी
माझा डावीकडचा शत्रू जमिनीतून येणार.

पहिल्या रात्री बाबा मागे खाटेवर.
पडद्यावर ओसाड कारखाना, मी दाराआड,
श्वास धरून, माझाही, तिचाही,
आणि ते म्हणाले,
'जिन्यात दोघं हायेत. एक लंगडतो.'

वळले. दोघं होते.
लंगडत कुणी नव्हतं,
पण डावीकडून येणारं पाऊल
मधेच किंचित तुटत होतं खरं,
त्या अर्ध्या कापसापाशी कुठेतरी.
तरी मेलेच मी.

'मंग आता?'
आता परत पहिल्यापासून, म्हटलं.
ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले.
'आमच्याकडे नव्हती ही सोय.'

सकाळी धूळ पुसताना
रिसीव्हरच्या पाठीवर खडूची खूण दिसली,
तपासून झालेल्या डब्यावर ते काढायचे, तशी.
उजव्या खोक्याच्या मागेही एक.
डाव्यावर अजून नाही.